रेडिंगहून यॉर्क, एडिनबरा आणि बाथ: पाच जणांचा रेल्वे आणि कोचचा (लांब पल्ल्याच्या बसचा) खर्च आटोक्यात कसा ठेवावा?

मुठाकाठ

ऑक्टोबरअखेरीस, म्हणजे इंग्लंडातल्या शाळांच्या हाफ टर्मच्या सुट्टीत, आम्ही दोघं (वय ६४ आणि ५९) मुलाकडे रेडिंगला असू. मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात धरून पाच जण. बेत असा: शनिवारी रेडिंगहून यॉर्क, दोन मुक्काम, तिथून एडिनबरा, तीन मुक्काम, त्यातला एक दिवस ग्लासगो, मग परत. त्याआधी एका कामाच्या दिवशी आम्ही दोघंच बाथला जाऊन येणार. सामान म्हणजे दोन मोठ्या बॅगा आणि तीन पाठीवरच्या.

साइटवर एकाच प्रवासाचे तीन-तीन दर दिसतात. सगळी तिकिटं आत्ता जुलैतच काढून ठेवावी का? पास परवडतो का? कोच खरंच इतकी स्वस्त पडते का? आणि ज्येष्ठांची सवलत परदेशी पाहुण्यांना मिळते का?

रूळबदल

जुलैत बघाल तर स्वस्त तिकिटं दिसणारच नाहीत, कारण ती अजून विक्रीला आलेली नसतात. तिथलं वेळापत्रक साधारण १२ आठवडे आधी पक्कं होतं आणि त्यानंतर बहुतेक कंपन्या अ‍ॅडव्हान्स तिकिटं सोडतात. काहींची ८ आठवड्यांवर येतात. म्हणजे तुमच्यासाठी ऑगस्टचा पहिला आठवडा ते सप्टेंबरची सुरुवात. शनिवार-रविवारची तिकिटं आणखी मागे रेंगाळतात, कारण रुळांची कामं त्याच दिवशी ठरलेली असतात. कंपन्यांच्या साइटवर तारीख नोंदवली की विक्री उघडल्यावर ईमेल येतो, ते करून ठेवा.

तीन दर दिसतात त्याचं कारण तिकिटाचे तीन प्रकार. एनीटाइम कुठल्याही गाडीला चालतं आणि सगळ्यात महाग. ऑफ-पीक गर्दीची वेळ सोडून कुठल्याही गाडीला चालतं, मध्ये उतरून पुढच्या गाडीने जायलाही बहुधा मुभा असते. अ‍ॅडव्हान्स फक्त त्याच तारखेच्या, त्याच गाडीला. ते रद्द करून पैसे परत मिळत नाहीत. गाडी सुटायच्या आत बदलता येतं, पण त्याला माणशी १० पौंड आणि वर दरातला फरक. पाच जणांचं एक तिकीट फिरवायचं तर नुसती फी ५० पौंड. म्हणून मुक्कामाच्या जागा आधी पक्क्या करा, मग अ‍ॅडव्हान्स काढा. रेल्वेनेच गाडी रद्द केली आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर मात्र पूर्ण परतावा मिळतो, फी नाही.

आपल्याकडे गाडी भरली की वेटिंग लिस्ट लागते. तिथे भाव चढतो, तिकीट मात्र सहसा मिळतं. बसायला जागा मिळेल याची हमी नाही, एनीटाइमवाल्यालाही नाही.

आता पाच जणांची खरी गोम. अ‍ॅडव्हान्सचे दर पायऱ्यांचे असतात. खालच्या पायरीवर तीनच तिकिटं उरली असतील आणि तुम्ही पाच मागितली, तर साइट बहुधा पाचही जणांना वरच्या पायरीचा दर लावते. म्हणून आधी एका माणसाचा दर बघा, मग पाचांचा. माणशी आकडा वेगळा आला तर तीन आणि दोन अशी दोन बुकिंगं करा. दोन्हीकडे गाडी तीच आहे ना, तेवढं तपासा.

आणि बुकिंग थेट रेल्वे कंपनीच्या साइटवर करा. कुठल्याही रेल्वे कंपनीच्या साइटवर साऱ्या देशातली तिकिटं मिळतात, दर तेच आणि बुकिंग फी नाही. ट्रेनलाइनसारख्या अ‍ॅपवर फी लागते. वेळा बघायला ते अ‍ॅप उत्तम आहे, विकत घ्यायला नको.

दुसरी_खिडकी

वरच्या सगळ्याला अनुमोदन. मी फक्त रेलकार्डाचा, म्हणजे तिकिटावर सूट देणाऱ्या वार्षिक कार्डाचा, हिशेब मांडतो, कारण तुमच्या पाच जणांत नऊ वर्षांची नात आहे आणि सगळी चावी तिच्या हातात आहे.

फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड वर्षाला ३५ पौंड. एका कार्डावर चार मोठे आणि ५ ते १५ वयाची चार मुलं जाऊ शकतात. मोठ्यांना एक तृतीयांश सूट, मुलांना ६० टक्के. कार्डावर दोन नावं टाकता येतात, मुलाचं आणि सुनेचं टाका. त्यांतला एक जण आणि नात प्रवासात असली की तुम्ही दोघं नाव नसतानाही त्यात बसता. समजा यॉर्कपर्यंत माणशी ३० पौंड दर आहे. चौघांचे १२० होतात, कार्डाने ८०च्या आसपास. कार्डाचे पैसे पहिल्याच प्रवासात निघाले. पुढचे सगळे प्रवास फायद्यात.

वेळेची अट आहे, पण तुम्हाला फारशी नडत नाही. कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीत लंडन आणि आग्नेय इंग्लंडच्या हद्दीतल्या हद्दीतच प्रवास असेल तर हे कार्ड चालत नाही. यॉर्क त्या हद्दीबाहेर आहे.

तुम्ही दोघं एकटे बाथला जाल तेव्हा नात नाही, म्हणून हे कार्ड नाही. यजमानांना सीनियर रेलकार्ड मिळेल, ते ६० वर्षांपासून; तुम्ही ५९, तुम्हाला नाही. त्याला तिथला रहिवासी असण्याची अट नाही, पासपोर्ट दाखवून स्टेशनच्या तिकीट खिडकीवर काढता येतं. दुसरा पर्याय टू टुगेदर: दोघांची नावं आणि फोटो कार्डावर, दोघांनी बरोबरच प्रवास करायचा, सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आत चालत नाही. ही दोन्ही कार्डंही ३५ पौंडांचीच. म्हणजे पूर्ण दराच्या हिशेबाने १०५ पौंडांची तिकिटं काढणार असाल तरच कार्डाचे पैसे वसूल होतात, त्यापेक्षा कमी असतील तर उलट खिशाला चाट. सीनियरमध्ये हे १०५ एकट्या यजमानांचे धरायचे, टू टुगेदरमध्ये दोघांचे मिळून. एका बाथसाठी काढू नका. बाथ, ऑक्सफर्ड आणि आणखी एखादी सहल धरलीत तर टू टुगेदर परवडेल.

रूळबदल यांच्या तीन-दोनच्या युक्तीला एक पुरवणी. पाचांचं बुकिंग फोडलंत आणि दुसऱ्या बुकिंगात मूल नसेल तर साइट त्याला फॅमिली कार्डाची सूट देत नाही. तिथे टू टुगेदर असेल तर ते लावा, नसेल तर दोन्ही बेरजा कागदावर मांडून बघा.

पासाबद्दल: ब्रिटरेल पास फक्त युनायटेड किंगडमच्या बाहेर राहणाऱ्यांना मिळतो. तुम्हा दोघांना मिळेल, मुलाच्या कुटुंबाला नाही. तुमचे लांबचे प्रवास तीनच, तारखा आधी ठरलेल्या. अ‍ॅडव्हान्स आणि रेलकार्डापुढे पास इथे महाग पडतो. रोज उठून मनाला येईल त्या गाडीत बसायचं असेल तर त्याची मजा आहे.

लाल_डबा

रेल्वेवाल्यांनी कोचला बोलूच दिलं नाही, म्हणून मी.

लंडनहून शहराशहरांत जाणाऱ्या कोच म्हणजे मुख्यतः नॅशनल एक्सप्रेस आणि फ्लिक्सबस, स्कॉटलंडच्या आत सिटीलिंक. लंडनचा अड्डा व्हिक्टोरिया कोच स्टेशन. व्हिक्टोरिया रेल्वे स्टेशनपासून सामान ओढत दहा मिनिटं धरा. सुटणाऱ्या गाड्यांची इमारत आणि येणाऱ्या गाड्यांची इमारत वेगळी, मध्ये रस्ता आहे. कुणी घ्यायला येणार असेल तर त्याला नेमकं ‘अरायव्हल्स’ सांगा, नाहीतर दोघंही एकमेकांची वाट बघत बसाल.

दर इथेही चढउतार करतात. मंगळवार-बुधवार आणि रात्रीच्या गाड्या स्वस्त, शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार महाग. सामानात मात्र कोच उदार आहे: नॅशनल एक्सप्रेसवर माणशी दोन मध्यम सुटकेस, प्रत्येकी २० किलोपर्यंत, शिवाय हातातली एक. फ्लिक्सबसवर गाडीच्या पोटात जाणारी एक आणि हातातली एक. २३ किलोची विमानाची बॅग तशीच उचलून नेलीत तर ड्रायव्हर नाही म्हणू शकतो, कारण ती पोटात ढकलायची त्यालाच असते.

आता खरं सांगतो, लाल डब्याचा अभिमानी असलो तरी. लंडन ते एडिनबरा कोचला नऊ-दहा तास लागतात, रेल्वेला साडेचारच्या आत. शुक्रवारी संध्याकाळी मोटरवे तुंबला की नऊचे अकरा होतात, आणि रेल्वेसारखी उशिराची ठरलेली भरपाई कोचला नाही. एकटा विद्यार्थी असेल तर रात्रीची कोच घ्यावी, मुक्कामाचे पैसेही वाचतात. चौसष्टीच्या माणसाला आणि नऊ वर्षांच्या मुलीला बसल्या बसल्या रात्र काढायला लावू नका. फॅमिली कार्ड धरून फरक माणशी दहा-बारा पौंडांवर आला तर डोळे मिटून रेल्वे.

कोच घ्या ती विमानतळासाठी. हीथ्रोहून रेडिंग स्टेशनला थेट रेलएअरची आरए-१ बस आहे. लंडनमध्ये जाऊन परत फिरायचं कारण नाही.

आणि एक गंमत: इंग्लंडात स्थानिक बसच्या एका फेरीला कमाल ३ पौंड भाडं आहे. २०२३ मध्ये ही योजना २ पौंडांवर सुरू झाली, १ जानेवारी २०२५ पासून ३ पौंड. लंडनमध्ये वेगळी पद्धत आणि स्कॉटलंडात ही योजना नाही. योजनेत भाग घेणाऱ्या कंपनीची बस असेल तर लांबच्या मार्गालाही तेवढंच. यॉर्कहून कोस्टलायनरची ८४० नंबरची बस माळरानं ओलांडून व्हिटबीच्या समुद्रावर जाते. चढताना ड्रायव्हरला ‘संपूर्ण मार्गाला एकच भाडं ना?’ एवढं विचारून घ्या.

मुठाकाठ

सगळ्यांचे आभार. फॅमिली कार्डाचं माहीतच नव्हतं. दोन गोष्टी अजून: रेडिंगहून यॉर्कला लंडनमधून जावं की बर्मिंगहॅमकडून? आणि स्प्लिट तिकीट म्हणजे एकाच प्रवासाचे तुकडे करायचे, हे कायदेशीर आहे का? मुलगा म्हणतो सगळे करतात, पण मला तिकीट तपासनिसाशी हुज्जत नको.

रूळबदल

कायदेशीर आहे, रेल्वेच्या प्रवासाच्या अटींतच ते लिहिलेलं आहे. अट एकच: जिथे तिकीट तोडलं त्या स्टेशनावर गाडी थांबली पाहिजे. उतरायची गरज नाही, जागेवरून हलायचीही नाही. उदाहरण तुमच्या बाथचंच घ्या. रेडिंग ते बाथ स्पा असं एक तिकीट, किंवा रेडिंग ते डिडकॉट पार्कवे आणि डिडकॉट ते बाथ अशी दोन. गाडी डिडकॉटला थांबणारी असेल तर दोन्ही तिकिटांवर तुम्ही त्याच खुर्चीत बसून जाता. स्विंडनला तोडूनही बघा. काही गाड्या डिडकॉट न थांबता जातात, त्यात बसलात तर दोन्ही तिकिटं असूनही तुम्ही विनातिकीट. फरक कधी चार पौंड निघतो, कधी काहीच नाही. तुकडे आपोआप शोधून देणाऱ्या साइट वाचलेल्या पैशांतला हिस्सा घेतात. तुकडे तिथे बघून तिकिटं स्वतः काढलीत तर तोही वाचतो. अ‍ॅडव्हान्सचे तुकडे केले तर दोन तुकड्यांत सीट नंबर बदलू शकतो, म्हणजे गाडी थांबल्यावर पाच जणांनी बॅगांसकट डबा बदलायचा. म्हणून दोन-तीन पौंडांसाठी तुकडे करू नका.

यॉर्कला लंडनमधून जा. क्रॉसकंट्री कंपनीच्या गाड्या बर्मिंगहॅमकडून जातात, लंडन टळतं, पण वेळ जास्त लागतो आणि सुट्टीत त्या खच्चून भरलेल्या असतात. तिकिटंही तुकडे केल्याशिवाय सहसा स्वस्त होत नाहीत. लंडनमार्गे म्हणजे पॅडिंग्टन स्टेशनला उतरून किंग्ज क्रॉस स्टेशन गाठायचं. सरळ भुयारी गाडी आहे, पण जिन्यांवरून बॅगा चढवायच्या नसतील तर एलिझाबेथ लाइनने फॅरिंग्डन आणि तिथून एक स्टेशन पुढे किंग्ज क्रॉस. अकराच्या आतलं मूल मोठ्यांबरोबर भुयारी रेल्वेत फुकट. पॅडिंग्टनला उतरल्यापासून यॉर्कची गाडी सुटेपर्यंत हातात किमान एक तास ठेवा.

इथे एक चूक सगळे करतात. रेडिंग ते लंडन बँकेचं कार्ड टेकवून जातात आणि किंग्ज क्रॉसपासूनचं अ‍ॅडव्हान्स वेगळं काढतात. कार्ड टेकवलं की रेलकार्डाची सूट नाही, ही एक गोष्ट. दुसरी जास्त महत्त्वाची: रेडिंगची गाडी उशिरा आली आणि यॉर्कची चुकली, तर तुमचा प्रवास सलग होता हे दाखवणं अवघड जातं. रेडिंग ते यॉर्क सलग तिकीट असेल, किंवा नीट काढलेले दोन तुकडे हातात असतील, तर रेल्वेच्या उशिरामुळे चुकलेल्या गाडीच्या पुढच्या गाडीत त्याच तिकिटावर जाता येतं. फलाटावरच्या कर्मचाऱ्याला सांगून चढा, म्हणजे हुज्जतीचा प्रश्न येत नाही.

यॉर्कच्या आणि एडिनबराच्या गाड्या एलएनईआर या रेल्वे कंपनीच्या. जुन्या ब्लॉगांत ‘रिटर्न तिकीट फक्त एका पौंडाने महाग, तेच घ्या’ असं वाचाल. एलएनईआरने २०२३ पासून रिटर्न बंद करून दोन सिंगल केली आहेत, तो सल्ला तिथे आता निरुपयोगी. इतर कंपन्यांवर अजून लागू आहे, म्हणून बाथचं रिटर्न जरूर बघा.

फलाटक्रमांक९

एडिनबराहून परतताना लुमो बघा. एडिनबरा, न्यूकॅसल, लंडन किंग्ज क्रॉस अशी २०२१ पासूनची स्वतंत्र कंपनी, एकच वर्ग, रेलकार्ड चालतं आणि बऱ्याचदा एलएनईआरपेक्षा स्वस्त. पण ती यॉर्कला थांबत नाही, म्हणून जाताना उपयोगाची नाही. सामानाच्या मांडण्या मोजक्या आहेत; दोन मोठ्या बॅगा घेऊन लवकर चढा. लुमोचं तिकीट फक्त लुमोवर चालतं, मागून येणाऱ्या एलएनईआरमध्ये बसू नका.

चुकीच्या गाडीत बसण्याची किंमत कळावी म्हणून: इंग्लंडात पेनल्टी फेअर, म्हणजे दंड, १०० पौंड आणि वर त्या प्रवासाचं सिंगल भाडं. २१ दिवसांत भरलं तर १०० चे ५०. पाच जण असाल तर गुणाकार तुम्हीच करा. हेच रेलकार्डाचं. कार्ड मोबाइलवर असतं आणि फोनची बॅटरी संपली तर कार्ड नाही असंच धरतात. डिजिटल कार्ड दोन फोनांवर उतरवता येतं, एक मुलाच्या आणि एक सुनेच्या फोनवर ठेवा. ई-तिकिटांचे बारकोड स्क्रीनशॉट काढून घ्या, बोगद्यात आणि डोंगराळ भागात नेट जातं.

यॉर्कला शनिवारी जाताय ना? प्रवासाच्या आधीच्या बुधवारी एकदा आणि आदल्या रात्री एकदा नॅशनल रेलच्या साइटवर त्या मार्गाचं बघा. रुळांच्या कामामुळे मधला टप्पा बसने करावा लागू शकतो. ‘रेल रिप्लेसमेंट’ असं लिहिलेलं दिसलं की तास-दीड तास वाढवा. हाफ टर्मच्या आसपासच, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात. मोबाइल आपोआप बदलतो, हातातलं घड्याळ नाही.

गाडी उशिरा पोचली तर डिले रिपे, म्हणजे उशिराची भरपाई, मागा. बहुतेक कंपन्यांत १५ मिनिटांपासून सिंगल भाड्याच्या २५ टक्के, ३० पासून ५० टक्के, तासाच्या वर पूर्ण. २८ दिवसांच्या आत अर्ज, तिकिटाचा फोटो जोडून. दोन तुकड्यांचं तिकीट असेल तर दोन्ही जोडा, सबंध प्रवासाची भरपाई मिळते. आपणहून पैसे येतील या भरवशावर राहू नका. मुलाच्या खात्यात घेतले की झालं.

दुसरी_खिडकी

ग्लासगोचं राहिलं. त्यासाठी आधी काही काढू नका. स्कॉटरेलने १ सप्टेंबर २०२५ पासून गर्दीच्या वेळेचा चढा दर काढून टाकला. एडिनबरा ते ग्लासगो परतीचं तिकीट गर्दीच्या वेळी ३२.६० पौंड होतं, ते त्या दिवसापासून दिवसभर १६.८०. आदल्या दिवशी किंवा तिथल्या तिथे काढा, फॅमिली कार्ड लावा. पाऊन तासाच्या आसपासचा प्रवास, गाड्या सतत. सकाळी खिडकीबाहेर ऊन आहे की झड लागली आहे ते बघून ठरवलं तरी चालतं.

पैसे भरण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. सगळी तिकिटं मुलाच्या तिकडच्या कार्डावर काढा. बऱ्याच भारतीय क्रेडिट कार्डांवर परकीय चलनाला साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लागतो. शिवाय ओटीपी भारतातल्या सिमवर येतो. रोमिंग बंद असेल तर व्यवहार तिथेच अडतो आणि तेवढ्यात खालची पायरी विकली जाते. तुमचं कार्ड वापरायची वेळ आलीच आणि मशीनने ‘रुपयांत की पौंडांत’ विचारलं, तर पौंड म्हणा. रुपयांचा दर त्या मशीनवाल्याचा असतो.

रूळबदल

सीट एलएनईआरच्या साइटवरच काढा, तिथे डब्याच्या नकाशावर खुर्ची निवडता येते. चौघांचं समोरासमोरचं टेबल आणि पाचवी खुर्ची त्याच ओळीत, मार्गिकेच्या पलीकडे. यॉर्कहून एडिनबराला जाताना उजव्या हाताची बाजू मागा. डरहॅमचं कॅथेड्रल, बेरिकचा पूल आणि त्यापुढचा समुद्र, सगळं त्याच बाजूला आहे. नकाशावर काही खुर्च्यांना खिडकी नसते, नुसती भिंत असते. नातीसाठी ती घेऊ नका.